सपाटीवरची खोली

कुठलंही घर कागदावर काढायला घेण्याआधी सर जमिनीला विचारत. म्हणजे अक्षरशः विचारत. नव्या जागेवर गेले की आधी चपला काढायच्या, एखादा बसका दगड बघून त्यावर बैठक मारायची, डोळे मिटायचे आणि तासभर कुणाशी बोलायचं नाही. मालक बिचारा उन्हात उभा. मालकीणबाई मनात म्हणत असणार, हे आता जेवायला थांबतात की काय. मग सर डोळे उघडत आणि हलक्या आवाजात सांगत, "जागा म्हणतेय इथं नको. तिकडे." जागा नेहमी तिकडेच म्हणे, आणि तिकडे म्हणजे जिथं पायऱ्या लागतील तिथं.

सरांची बायको हे सगळं लग्न झाल्यापासून बघत आली होती. ऑफिसचा कारभार तिच्याकडे होता: पगार, पत्रव्यवहार, आणि सगळ्यात जोखमीचं म्हणजे फोन. "हे जमिनीला विचारतात आणि मला कळवतात," असं ती चारचौघांत म्हणे आणि चारचौघं हसत. सरही हसत. एखादा विनोद लोकांना आवडला की त्यातली तक्रार कुणाला ऐकू येत नाही, हे तिला फार उशिरा कळलं.

तिचं माहेरचं नाव छोटी. साठीला टेकली तरी छोटीच. तसं म्हणणारं माणूस मात्र जगात आता एकच उरलं होतं, ते म्हणजे ताई.

आई गेली तेव्हा छोटी नुकती चालायला लागली होती आणि ताई नुकती नोकरीला. ताईनं तिला न्हाऊ-माखू घातलं, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं, सायकल शिकवताना मागून धरून पळाली. या सगळ्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं आणि त्याबद्दल आयुष्यात एक शब्द काढला नाही. छोटीला जड जाई ते हेच. लोक उपकार बोलून दाखवतात तेव्हा ऐकून घेण्यातच थोडी फेड होऊन जाते. ताई बोलायचीच नाही, त्यामुळे छोटीच्या नावावरचं सगळं जसंच्या तसं उभं होतं.

आता ताई अठ्ठ्याहत्तरची झाली होती. पाय कामातून गेले होते. डोकं आणि जीभ शाबूत, बाकी सगळा भार चाकाच्या खुर्चीवर. मुलगा परदेशात. ताई राहत होती ती जागा भाड्याची होती, आणि घरमालकाला ती मुलाच्या लग्नासाठी परत हवी होती. एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला.

"मावशी, मी एक ठिकाण बघून ठेवलंय आईसाठी. चांगलं आहे."

"वृद्धाश्रम?"

"तिथं आश्रम म्हणत नाहीत, मावशी. निवास म्हणतात."

"आणि ताई काय म्हणतेय?"

"आई म्हणते, मला काय, मी कुठंही राहीन."

ताईचं 'कुठंही राहीन' छोटीला पक्कं ओळखीचं होतं. लहानपणी शेवटची पोळी छोटीच्या ताटात टाकताना ती याच आवाजात 'मला काय, मी कशावरही भागवीन' म्हणायची.

"तिला कुठं टाकायचं नाही," छोटी म्हणाली. "माझ्याकडे येईल ती."

म्हणायला म्हणाली खरी. पण तिच्याकडे म्हणजे सरांच्या घरात, आणि ते घर सरांनी स्वतःच्या हातानं काढलेलं. सपाट फरशीचा सरांना मनापासून तिटकारा. त्यांच्या घरात दिवाणखान्यात दोन पायऱ्या उतरून जायचं, झोपायला तीन चढून जायचं आणि न्हाणीघराला तर एक वळण घेऊन वर जावं लागे. त्या वळणाला सर 'आगमन' म्हणत. कधी पोट बिघडलं की छोटीचं दिवसातून आठ-आठ वेळा आगमन व्हायचं. पायऱ्यांवर लाकडी फळी टाकू या, असं तिनं एकदा सुचवून पाहिलं. सरांनी छातीवर हात ठेवला आणि रात्री जेवले नाहीत.

म्हणून मग डोंगरातलं घर.

शहरापासून दोन-तीन तासांवर त्यांनी एक जमीन घेऊन ठेवली होती. सुट्टीत जाऊन राहू असं म्हणत वर्षानुवर्षं नुसतीच ठेवलेली. चढाची, खडकाळ, झुडपांनी भरलेली. वरून खाली तळं दिसायचं. रस्ता जिथं संपे तिथं पायथ्याशी मात्र एक मोकळा, सपाट पट्टा होता. छोटीची नजर पहिल्या दिवसापासून त्या पट्ट्यावर.

"अहो, दोनच खोल्यांचं घर काढा," ती सरांना म्हणाली. "खाली सपाटीवर. एक खोली ताईची. गाडीतून उतरली की खुर्ची थेट आत. तिच्यासोबत एक बाई ठेवू, मीही जास्त तिथंच राहीन. ऑफिसात आता माझ्यावाचून कुणाचं अडत नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माणूस वाईट नव्हता, हीच तर छोटीची खरी अडचण होती. वाईट असता तर ती कधीच भांडायला शिकली असती.

"अगं, ताईंची खोली पहिली," सर म्हणाले. "आधी ती काढू, मग घर."

आणि काढलीही. रुंद दार, दाराला उंबरा नाही, खिडकी बसल्या नजरेच्या उंचीला, न्हाणीघर खोलीला लागून आणि त्याच पातळीत. सरांच्या हातून सपाट न्हाणीघर उतरलेलं छोटीनं पहिल्यांदा पाहिलं. तिनं टेप घेऊन ताईची खुर्ची मोजली, कागदावर दार मोजलं, आणि त्याच दिवशी ताईला सांगून टाकलं.

"खोली झाली हं तुझी."

"झाली? एवढ्यात?"

"कागदावर."

"कागदावर का होईना," ताई म्हणाली. "मला वाटलं, तुझा नवरा मला झाडावर बसवतो की काय."

आखणीच्या दिवशी ठेकेदार चुना, दोरी आणि खुंट्या घेऊन हजर झाला. समोरचा बोलेल त्याला 'अगदी बरोबर' म्हणायचं, असा त्याचा एकमेव सिद्धांत होता. दोघं भांडत असले तर तो दोघांनाही अगदी बरोबर म्हणे, आणि अशानं त्याचं काम कधी अडत नसे. त्यानं पहिली खुंटी ठोकायला हातोडी उचलली आणि डोक्यावरून एक टिटवी किंचाळत खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. ठेकेदार डोकं धरून बसला. सर मात्र जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी चपला काढल्या. चपला निघालेल्या पाहूनच छोटीनं आराखड्याची गुंडाळी केली.

अंडी होती. उघड्या जमिनीवर, चार खडे गोल ठेवून त्यात चार ठिपक्यांची अंडी. ती खड्यांत इतकी मिसळून गेलेली की बोट दाखवल्याशिवाय दिसू नयेत. जिथं ताईची खोली यायची, बरोबर तिथं.

सर गुडघ्यावर बसले. "बघ," ते म्हणाले. "काही बांधलं नाही तिनं. काही खणलं नाही. रानाच्या मनाविरुद्ध न जाता घर कसं करावं, तर असं. आयुष्यभर मी हेच करायला बघतोय."

"छानच आहे," छोटी म्हणाली. "आपण महिनाभर थांबू. पिल्लं झाली की निघून जाईल ती."

"प्रश्न महिन्याचा नाही. ही जागा कुणाची, हा प्रश्न आहे."

"अगदी बरोबर," ठेकेदार म्हणाला.

"अहो, ती काय इथं कायमची राहायला आलीय? पक्षी आहे तो. पिल्लं चालायला लागली की ही जागा कुणाचीच नाही."

"हेही अगदी बरोबर आहे, मॅडम."

"पुढच्या वर्षी ती परत येईल," सर म्हणाले. "आणि बघेल तर काय? आपण घर बांधून बसलोय. मला जमणार नाही ते."

त्या दुपारी सर वरच्या खडकावर जाऊन बसले. डोळे मिटले. छोटी खाली गाडीत बसून राहिली. जागा काय म्हणणार, हे तिला जागेच्याही आधी कळलं होतं.

नवा आराखडा आठवड्याभरात आला. घर वर गेलं होतं, खडकांच्या मधोमध. लोखंडी पायांवर उभं, जमिनीला जेमतेम टेकलेलं. एकही झाड तुटत नव्हतं, एकही दगड हलत नव्हता. उलट एक प्रचंड खडक भिंतीतून सरळ घराच्या आत आला होता आणि बोळातली निम्मी जागा अडवून बसला होता, पाहुण्यासारखा नव्हे, मालकासारखा. ताईची खोली त्या बोळाच्या टोकाला होती. तिथून अख्खं तळं दिसत होतं.

"आणि ताई वर येणार कशी?"

सरांनी बोट ठेवलं. पट्ट्यापासून घरापर्यंत झुडपांतून वळणं घेत एक रेघ जात होती. "हा उतार. खुर्ची सहज जाईल."

रेघ तुटक होती.

इतकी वर्षं ऑफिसात काढलेल्या बाईला तुटक रेघ समजावून सांगावी लागत नाही. सलग रेघ म्हणजे बांधायचं. तुटक रेघ म्हणजे पुढे कधीतरी, जमलं तर, मालकानं फारच लावून धरलं तर. अशा तुटक रेघांपायी चिडून फोन करणारे किती मालक तिनं आपल्या गोड आवाजात थंड केले होते. "सरांवर विश्वास ठेवा हो, राहायला गेलात की कळेल तुम्हाला," असं म्हणून. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तर ती म्हणाली होती की पायऱ्यांनी गुडघे मोकळे राहतात. त्यांनी विश्वास ठेवला. आता हे सगळं व्याजासकट तिच्याच दारात येऊन उभं राहिलं होतं.

ती तेव्हाच बोलली असती तर? तर काहीही झालं असतं. पण ती बोलली नाही. एक तर सवय नव्हती. दुसरं म्हणजे, आराखडा सुंदर होता. खरोखर सुंदर. रानानं स्वतःच कधीतरी आळस देता देता घर करावं, तसं ते दिसत होतं. छोटी त्या कागदाकडे बघत राहिली आणि क्षणभर, क्षणभरच, त्यात राहणारी माणसं तिच्याही डोक्यातून गेली.

बांधकाम सुरू झालं. अंडी कधी फुटली आणि पिल्लं कधी चालती झाली ते कुणी पाहिलंही नाही. एका फेरीला अंडी होती, पुढच्या फेरीला चार खडे. त्याच्या पुढच्या फेरीला तिथं वाळूचा ढीग होता.

"गाड्या इथंच लावू ना, सर?" ठेकेदारानं विचारलं. "सपाट आहे."

"लावा की," सर वरूनच ओरडले. ते खडकावरची बुरशी ओल्या फडक्यानं टिपत होते. ती पांढुरकी, पोपटी, नाण्यांएवढ्या चकत्यांची बुरशी त्यांचा जीव की प्राण झाली होती. तिला बुरशी म्हणायची मात्र चोरी. "शंभर वर्षांत एवढीशी वाढते ती," सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मजुरांनी तिथून जाताना अंग चोरून जायचं, घमेली डोक्यावर उंच धरायची. सर नसले की यावर लक्ष ठेवायचं काम छोटीचं. तिनं ते चोख केलं. दिलेलं काम चोख करायची तिला खोडच होती. दिवसभर तिचं एकच पालुपद: "दगड सांभाळा, दगड."

उताराचं तिनं मधूनमधून विचारलं. आधी पाया होऊ दे, मग छप्पर होऊ दे, मग रंग. शेवटी ठेकेदारानंच सांगून टाकलं की उतार करायचा तर वाटेतला मोठा खडक फोडावा लागेल, नाहीतर खुर्ची वळणार नाही.

घरी आल्यावर छोटीनं विषय काढला. सर चटईवर पाय पसरून बसले होते.

"फोडू या ना मग तो दगड."

"अगं, तो दगड लाखो वर्षं तिथं आहे."

"हो, त्याला घाई नाही. ताईला आहे."

सर दुखावले. "मला काय ताई परक्या आहेत? पण जरा विचार कर. रोज थोड्याच त्या वर-खाली करणार आहेत? एकदा वर आल्या की आल्या. माणसं उचलून आणतील. राजासारख्या बसतील खिडकीत."

"आणि खाली यावंसं वाटलं तर?"

"तळं दिसतंय समोर. खाली कशाला यावंसं वाटेल?"

यावर काय बोलायचं असतं ते ताईला आलं असतं. छोटीनं ताईला फोन केला आणि म्हणाली, वाट जरा चढाची आहे, पण माणसं आहेत उचलायला. ताई म्हणाली, "बघू या. तू म्हणतेस तर येते."

ज्या दिवशी ताई आली, त्या दिवशी सरांनी तिच्या खोलीत रानफुलं ठेवली होती. गाडी सपाट पट्ट्यावर थांबली. छोटीनं खुर्ची उघडली, ताईला बसवलं. ताईनं इस्त्रीची साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"जागा छान आहे गं," ती म्हणाली. "इथंच का नाही बांधलंत?"

"इथं पक्ष्याची अंडी होती."

"आहेत?"

"होती."

ताईनं वाळूच्या ढिगाकडे पाहिलं, ठेकेदाराच्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला."

चौघांनी खुर्ची उचलली. ठेकेदार पुढे, मागे-पुढे होत सूचना देणारा. त्याच्याही पुढे छोटी. सर वरती दारात हात पसरून उभे.

"सावकाश रे बाबांनो," ताई म्हणाली. "कपाट नाही हे, बाई आहे. कपाटाला निदान कुलूप तरी असतं."

माणसं हसली. सुरुवातीची चढण बरी गेली. मग वाट अरुंद झाली, खडक जवळ आले, आणि मागच्या एकाचा पाय घसरला. खुर्ची एका अंगाला कलली. ताईचा एक हात हवेत गेला, दुसऱ्यानं तिनं पुढच्या माणसाची कॉलर धरली. खुर्चीचं चाक त्या मोठ्या खडकाच्या कडेला घासत गेलं.

"दगड!" छोटी किंचाळली. "अरे, दगड सांभाळा!"

सगळे जागच्या जागी थांबले. माणसांनी खुर्ची सावरून सरळ केली. ताईनं पुढच्या माणसाची कॉलर सोडली, पदर नीट केला आणि छोटीकडे पाहिलं. ती हसत होती. छोटीनं तिला असं हसताना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तिचंच ठरलेलं लग्न मोडायला आलेल्या पाहुण्यांना चहा देताना.

"लागलं का गं त्याला?" ताईनं विचारलं. "बघ जरा. मला कशाला विचारतेस, मी बरीच आहे."

ठेकेदार मोठ्यानं हसला. त्याला वाटलं विनोद आहे. बाकीचेही हसले. वरून सरांनी ओरडून विचारलं, काय झालं? माणसं पुन्हा चढायला लागली.

घरात बोळापर्यंत खुर्ची गेली. तिथं खडक होता. सरांनी आराखड्यात अंतर सोडलं होतं, ते माणसाच्या खांद्याला पुरणारं. ताईच्या खुर्चीला नव्हतं. छोटीनं दार मोजलं होतं. बोळ मोजायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ताईच्या खोलीतली फुलं बोळाच्या या टोकावरून दिसत होती.

"आता व्हरांड्यात बसू या आपण," सर उत्साहानं म्हणाले. "याचं मी काहीतरी काढतो. चिंचोळी खुर्ची मिळते का बघू."

"बघा," ताई म्हणाली. "नाहीतर चिंचोळी म्हातारी मिळते का बघा."

व्हरांड्यातून तळं दिसत होतं. ऊन पाण्यावर मोडून पडलं होतं. सर ताईला सगळं दाखवत होते. वारा कुठून येतो, पाऊस आला की पाणी कुठून वाहील, रात्री कुठली जनावरं पाण्यावर येतात. ताई मान डोलवत होती. तिला खरंच आवडत होतं, हे छोटीला कळत होतं, आणि ते कळणं आणखीनच वाईट होतं.

"चहा टाकू?" छोटीनं विचारलं.

"नको."

"पाणी तरी घे. एवढ्या उन्हातून आलीस."

"नको गं."

"सरबत करते."

"छोटे, नको म्हटलं ना." मग आवाज उतरवून, सरांना ऐकू जाऊ नये असा: "प्यायले की जावं लागेल. ते कुठाय तुमच्याकडे?"

नव्या आराखड्यात ते खोलीपासून सुटून खाली गेलं होतं. दोन पायऱ्या उतरून, वळणावर.

ताई तहानलेलीच बसून राहिली. तळ्याकडे बघत, सरांच्या बोलण्याला हुंकार देत. ऊन कलल्यावर म्हणाली, "चला, बोलवा त्या माणसांना. फार सुंदर घर आहे हो तुमचं. अगदी फोटोसारखं." सर आनंदले. उतरताना खुर्ची उलट्या तोंडानं न्यावी लागली. ताईचं तोंड घराकडे होतं आणि पाठ वाटेकडे. या खेपेला छोटी खालच्या बाजूनं चालत होती, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीला लावून, पण तिच्या हातांना पेलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळा भार चौघांवरच होता.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. आईनं निवासाला हो म्हटलं होतं.

छोटी धावत ताईकडे गेली. ताई सामान आवरून घेत होती, म्हणजे बोट दाखवत होती आणि कामाची बाई खोक्यात भरत होती.

"असं काय करतेस? मी बोलते त्यांच्याशी. तो दगड फोडायला लावते. नाहीतर मी इथं तळमजल्यावर भाड्यानं खोली घेते, आपण दोघी राहू. मी येते तुझ्याकडे, ताई. खरंच येते."

"हे सगळं वर्षभरात सुचलं नाही होय?"

छोटीनं खाली बसून एक खोकं पुढ्यात ओढलं.

"ती भांडी नको," ताई बाईला म्हणाली. "तिथं देतात ताट." मग छोटीकडे वळून: "तुझ्या नवऱ्यावर माझा राग नाही. तो पहिल्यापासून तसाच आहे. त्याला दगड कळतात, माणसं कळत नाहीत. हे काय मला आज समजलं? मी तुझ्या भरवशावर होते."

"ताई, मी त्या दिवशी..."

"असू दे." ताई परत बाईकडे वळली. "तो आरसा जपून ठेव गं, वर्तमानपत्रात गुंडाळ."

सरांना छोटीनं सांगितलं तेव्हा ते खरोखर हळहळले. म्हणाले, थोडी वाट पाहिली असती तर मी काहीतरी मार्ग काढला असता. ताईंना एवढी घाई का झाली? छोटीनं त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि स्वतःचं घेऊन स्वयंपाकघरात जाऊन जेवली. सरांनी विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "जागा म्हणाली इथं जेव." सर हसले. त्यांना वाटलं, चला, निवळली.

निवासाची इमारत रस्त्यालगत होती. लांबट, बसकी, फिक्या रंगाची, एकीसारखी एक खिडकी. सर ती पाहून गाडीतच थांबले. अशा इमारतीत त्यांचा जीव घुसमटत असे. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी लावून येतो. ते आले नाहीत, आणि त्यांची कुणी वाटही पाहिली नाही.

दाराशी पायरी नव्हती. खुर्ची फुटपाथवरून आत गेली ती कशालाच न अडखळता. आत लांबलचक बोळ होता, दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरायला कठडा. चाकांचा आवाजसुद्धा होत नव्हता. छोटी एका हातानं खुर्ची ढकलत होती, दुसऱ्या हातात ताईच्या दोन पिशव्या होत्या.

"सोड," ताई म्हणाली.

"अगं, ढकलते ना मी."

"सोड म्हटलं ना."

छोटीनं हात काढला. ताईनं चाकांवर तळवे ठेवले, एकदा दाबून पाहिलं आणि खुर्ची पुढे गेली. तिचे खांदे ओढल्यासारखे वर-खाली होत होते. जरा पुढे गेल्यावर तिनं वेग धरला. बोळाच्या मध्यावर टेबल होतं, त्यामागे व्यवस्थापिका बसली होती. तिथं पोचल्यावर ताईनं स्वतःच चाकं धरून खुर्ची थांबवली. ती धापा टाकत होती आणि चेहरा तांबूस झाला होता.

व्यवस्थापिका तरतरीत बाई होती. तिनं नाव विचारलं, वय विचारलं, औषधं कुठली ते विचारलं. ताई एकेक उत्तर देत गेली. छोटी पिशव्या घेऊन मागून पोचली तेव्हा व्यवस्थापिका विचारत होती, "काही तातडीचं झालं तर कुणाला कळवायचं?"

"मुलाला," ताई म्हणाली आणि नंबर सांगितला.

"हा परदेशातला आहे, आजी. इथलं कुणी? लगेच येऊ शकेल असं?"

छोटीनं तोंड उघडलं.

"इथं कुणी नाही," ताई म्हणाली.

व्यवस्थापिकेचं पेन थांबलं. तिनं ताईकडे पाहिलं, मग छोटीकडे. दोघींचं नाक एकच होतं, हनुवटी एकच होती. कुणाच्याही लक्षात आलं असतं.

"मग तुम्ही कोण?" तिनं छोटीला विचारलं.

ताई समोरच्या भिंतीवरचं जेवणाच्या वेळांचं वेळापत्रक वाचत होती. मान वळवण्याचा तिचा विचार दिसला नाही.

"मी सामान घेऊन आलेय," छोटी म्हणाली.